तोलून दिलेली अफू

आमच्या घरात अफूला कुणी व्यसन म्हणतच नसे, इथूनच माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला. दारूला व्यसन म्हणत, जुगाराला म्हणत, माझ्या चहालासुद्धा म्हणून झालं होतं. मी माहेराहून चहाची सवय घेऊन आले तेव्हा सासूबाईंनी चार घरी जाऊन सांगितलं, की आमची सून नशा करते. आणि हे सांगत फिरताना त्यांचे दोन्ही मुलगे घरच्या ओसरीवर कसुंबा पिऊन डोळे मिटून बसलेले! आता काय बोलावं माणसाने?

कसुंबा म्हणजे अफूचं पाणी. अफू खलायची, पाण्यात घोटायची, फडक्यातून गाळायची, आणि ते तांबूस पाणी आपल्या तळहातावर घेऊन समोरच्याला पाजायचं. सोयरीक जुळली, कसुंबा. भांडण मिटलं, कसुंबा. कुणी वारलं, समाचाराला आलेल्यांना कसुंबा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकली गेली की तिथेच, घोडीच्या मागच्या पायाशी बसून कसुंबा. पुढे आलेला हात कुणी नाकारला तर झालंच, मग जन्मभराचं वैर. आमच्या यांना पहिला घोट त्या यात्रेतच मिळाला, मिसरूड फुटायच्या आधी, तोही वडिलांच्या हातून. पुढे यात्रा वर्षातून एकदा आणि अफू रोज, असं होत गेलं. सकाळी एक गोळी, दुपार कलली की एक. गोळी मिळाली की माणूस गोड, कुणाला उणा शब्द नाही. म्हणून तर कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं.

ते इंग्रजांचे दिवस. आमच्या मुलखाला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत. गाव तापीकडच्या सपाटीवर, नंदुरबारहून फार लांब नाही. सकाळी बैलगाडी जुंपली की ऊन तापायच्या आत नंदुरबार.

माझा मुलगा तेव्हा नुकता धावायला लागला होता. एका दुपारी मी मळ्यात निंदायला गेले होते आणि पोर यांच्या मांडीवर होतं, मळ्यातल्याच लिंबाखाली. यांनी दुपारची गोळी घेतलेली. यांचे डोळे मिटले, पोर मांडीवरून उतरलं आणि तुरुतुरु विहिरीकडे निघालं. विहिरीला कठडा नव्हता. मोटेवरच्या सालदाराने, म्हणजे आमच्या सालगड्याने, हातातला नाडा टाकून धाव घेतली आणि पोराच्या सदऱ्याला धरून त्याला मागे ओढलं. मी ओरडत आले तेव्हा हे तसेच बसलेले, मांडी घातलेली, हात मांडीवर, जणू पोर अजून तिथेच आहे.

संध्याकाळी यांना सगळं समजलं. जेवले नाहीत. रात्री मला एवढंच म्हणाले, "माले सोडनी शे." सोडायची आहे मला. लग्नानंतर इतक्या वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं ते हे एवढंच.

आणि सासूबाईंनी त्या विहिरीवरून काय अर्थ काढावा? म्हणाल्या, "पोऱ्याले गोळी दिधी व्हती ते तो हिरीकडे गयाच नसता!" गोळी दिली असती तर पोर विहिरीकडे गेलंच नसतं म्हणे.

ही दुसरी गोळी. बाळगोळी. ती पण अफूचीच, मोहरीएवढी, आईच्या दुधात नाहीतर गुळाच्या पाण्यात विरघळवायची. बायांना शेतात जायचं असे, पोरं रडली तर काम कसं व्हायचं? मग सकाळी गोळी चाटवली की पोर दुपारपर्यंत झोळीत पडून. गावातली निम्मी पोरं अशी दिवसभर गाठोड्यासारखी निजलेली असत आणि आया कौतुक करत, किती शहाणं पोर आहे, रडतच नाही. मी माझ्या पोराला ती कधी देऊ दिली नाही. त्यावरून घरात काय काय ऐकून घेतलं ते माझं मला ठाऊक. पाठीवर बांधून निंदायला नेलं, पण गोळी नाही.

नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टर होते, देशावरचे, चिडके. लोक त्यांना घाबरत. त्यांनी यांची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, रोजची गोळी केवढी ते विचारलं आणि म्हणाले, "एकदम बंद केलीत तर हाल होतील आणि चौथ्या दिवशी पळून जाल. इथे राहा. मीच देईन, तोलून, आणि कमी करत आणीन. बाहेरचा कण पोटात गेला तर मी हात धुऊन मोकळा."

माझ्या मनात आलं, वा रे सरकार! बाजारात सरकारी ठेक्याचं अफूचं दुकान, वर पाटी, आत शिक्का मारलेली अफू, आणि चार हात पुढे ती सोडवायला सरकारी दवाखाना. मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, ते माझ्या हातात नाही. गोळी माझ्या हातात आहे."

मला तिथेच राहायचं होतं, रांधायला आणि लक्ष ठेवायला. पोराला दवाखान्यात ठेवायला डॉक्टरांनी सपशेल नकार दिला, तिथे देवीचे आणि तापाचे रोगी. सासूबाई म्हणाल्या, मी सांभाळते. मी त्यांच्या पायाला हात लावून सांगितलं, काय वाटेल ते करा, पण पोराला गोळी देऊ नका. त्या म्हणाल्या, "नही वं माय, कसाले दिसू?" कशाला देईन. मी विश्वास ठेवला. नाहीतर काय करणार होते?

दवाखान्याच्या मागेच व्यापाऱ्यांची पटांगणं होती. त्या दिवसांत तिथे मिरच्या वाळत पडलेल्या असत, नजर जाईल तिथवर लाल. वारा फिरला की खकाणा थेट खाटांवर. सगळा दवाखाना शिंकत असे. पण यांचं शिंकणं वेगळं होतं, ते मला पुढे कळलं. गोळी लहान होत गेली तसं यांचं नाक वाहायला लागलं, डोळ्यांना धार. एकामागून एक जांभया, जबडा निखळेल अशा. अंगावर काटा उभा राहायचा तो बसायचाच नाही, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी कातडी. पोट बिघडलं. पाय तर स्वस्थ ठेवताच येईनात, सारखे झाडायचे, खाटेच्या दोऱ्या सैल झाल्या. मी पाय चोळत बसे. चोळून चोळून माझे अंगठे सुजले.

"माले घर लई चाल," म्हणायचे. "मी मरी जासू आठे." घरी ने, इथे मरेन. मग शिव्या. मला, डॉक्टरांना, त्या विहिरीला, सालदारालासुद्धा, का धरलंस म्हणून. तसं बोलले आणि मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून रडले. मी पाय चोळत राहिले.

हे सगळं सोसलं असतं हो मी. हाल होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आमची माणसं! गावाकडून समाचाराला येत, खाटेभोवती कोंडाळं करून बसत, आणि एकेक जण यांच्याकडे पाहून चुकचुकत. "मिरचीचा खकाना शे, दुसरं काय." "माणूस निम्मा राहिला हो, असं कुठे औषध असतं?" आणि जाताना उशाखाली काहीतरी सरकवून जात. प्रेमाने! दुष्टपणाने केलं असतं तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

एकदा सासूबाईंनी मेथीचे लाडू पाठवले. यांनी दोन खाल्ले आणि अहाहा, पाय शांत, जांभया बंद, चेहऱ्यावर तेच जुनं गोड हसू. मी भोळी, मला वाटलं मेथीने गुण दिला. डॉक्टर फेरीला आले, यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि लाडवांचं फडकं उचलून खिडकीबाहेर भिरकावलं. यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. अफूने बाहुली अशीच आवळते म्हणे. डॉक्टर माझ्यावर जे कडाडले! सगळी खाटांची रांग ऐकत होती. कित्येक दिवसांची मेहनत दोन लाडवांत गेली आणि गोळी पुन्हा मोठी करून पहिल्यापासून उतरवत आणावी लागली. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. इतका संताप मला जन्मात कधी आला नव्हता.

त्या दिवसापासून मी दारात आडवी बसायला लागले. येईल त्याची झडती. आता अडचण अशी, की थोरले दीर आले तर त्यांच्याशी बोलायचं कसं? आमच्यात सुनेने मोठ्या दिराशी बोलायचं नाही, तोंडही दाखवायचं नाही. फारच नड पडली तर भिंतीला, खांबाला सांगायचं, म्हणजे ते ऐकतात. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि दाराच्या चौकटीला म्हटलं, "दारबाई, त्यासले सांग, फेटा बाहेर ठेवा."

दीर एकदम लाल. तेही चौकटीलाच म्हणाले, "दारबाई, तिले सांग, आमना घरमा असं कधी व्हयनं नही."

"दारबाई, आमच्या घरात ते लाडू पण कधी झाले नव्हते म्हणावं."

बऱ्याच वेळाने त्यांनी फेटा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. शेवटच्या पदरात गोळी होतीच, कागदात बांधलेली. मी ती उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. दीर उघड्या डोक्याने आत गेले, भावाच्या खाटेशी बसले आणि उठून गेले. पुढे गावात सांगत सुटले, की धाकट्याच्या बायकोने भर दवाखान्यात माझं डोकं उघडं पाडलं. पाडलं तर पाडलं.

मग हळूहळू फरक पडला. एके सकाळी हे भाकरी मागून जेवले. तोंडाला चव आली म्हणाले, कितीतरी वर्षांनी तिखट तिखट लागलं. पाय थांबले. डॉक्टरांनी एक दिवस यांना विचारलं, कालची गोळी कशी होती? हे म्हणाले, होती तशीच, कडू. डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. गेले तीन-चार दिवस त्या गोळीत अफू नव्हतीच, नुसता चिराईत होता. यांना खरंच वाटेना. मग लहान पोरासारखे हसत सुटले, शेजारच्या खाटेवरच्याला उठवून सांगितलं.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. "हुरळून जाऊ नका. अंगातून काढली, तेवढंच झालंय. ही पहिली पायरी. आता पुन्हा एकदा घेतली तरी घसरतील. घरच्यांना सांगा."

घरच्यांना सांगा! म्हणायला काय जातं.

गाडी गावात शिरली तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. आमच्या ओसरीवर ही गर्दी. फेटे बांधून भाऊबंद बसलेले, मध्ये जाजम, आणि जाजमावर, मी डोळे चोळून पाहिलं, खल आणि पितळेची वाटी. यांची अफू सुटली म्हणून थोरल्या दिरांनी आनंदाने कसुंबा केला होता!

रडावं की हसावं? बरं, त्यांच्या मनात पाप नव्हतं, हेच तर माझं दुखणं. आनंद झाला की कसुंबा, याहून दुसरी रीतच त्यांना माहीत नव्हती. फेट्याचा अपमान विसरून मोठ्या मनाने त्यांनी हे केलं होतं. डोळ्यांत पाणी आणून ते उठले, तळहातावर ते तांबूस पाणी घेतलं आणि यांच्या तोंडापुढे धरलं. "ले भो. शकुनना शे, नही म्हनू नको."

हे नाही म्हणाले नाहीत. गाडीला टेकून उभे राहिले. नाकपुड्या फुलल्या, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मी पदराआडून पाहत होते. हा माणूस पिणार. आता, या क्षणी, सगळ्यांसमोर पिणार आणि लोक वाहवा करणार. मी ओसरीच्या खांबाला ओरडून सांगितलं, "खांबबाबा, त्यासले सांगा, डॉक्टर नाही म्हणालाय!" कुणी ऐकलंच नाही. खांबाने तरी काय करावं?

तेवढ्यात आतून पोर रडलं.

मी आत धावले. पोर सासूबाईंच्या मांडीवर होतं. मला पाहून झेपावेल, बिलगेल असं वाटलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किंचाळत होतं, पाय झाडत होतं, नाकातून धार. सासूबाई म्हणाल्या, "अंगनमा मिरच्या टाकेल शेत ना, खकाना लागना." अंगणात खरंच मिरच्या होत्या. मी पदराने नाक पुसलं, पोराला उचललं आणि तशीच बाहेर आले. माझ्या मनात एवढंच होतं, की त्या हाताच्या आणि यांच्या तोंडाच्या मध्ये काहीतरी आणायचं. मी पोर यांच्या छातीशी दिलं. पदर कुठे होता देव जाणे.

यांनी पोराला घेतलं. पोराने रडता रडता मोठी जांभई दिली. पुन्हा रडलं, पुन्हा जांभई. यांनी त्याच्या दंडावरून हात फिरवला. एवढ्या उन्हात त्या इवल्या दंडावर काटा उभा होता. यांनी पुन्हा हात फिरवला. काटा बसेना. पोर पाय झाडत होतं आणि हे त्या पायांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आई," म्हणाले, "याले काय दिधं?"

सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांनी अगदी सरळ सांगितलं. पोर आईसाठी रडून रडून कासावीस व्हायचं, जेवायचं नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी. "आज नही दिधी. माय ई ऱ्हायनी ना, म्हनीसन. जागा ऱ्हावाले पाहिजे." आई येणार म्हणून आज दिली नाही. जागं राहायला हवं ना पोर, आईला बघायला.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. खांबाला नाही, भिंतीला नाही, थेट त्यांच्या तोंडावर बोलले, सगळ्या भाऊबंदांसमोर, उघड्या डोक्याने. सासूबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, माझी चार पोरं याच गोळीवर मोठी झाली. थोरल्या दिरांचा हात तसाच पुढे होता, आणि बोटांच्या फटीतून कसुंबा जाजमावर ठिबकत होता.

"याले मन्हासारखंच व्हई ऱ्हायनं," हे म्हणाले. माझ्यासारखंच होतंय याला. मग गाडीवानाकडे वळले. "बैलं सोडू नका."

आल्या पावली गाडी वळवली. सासूबाई चावडीपर्यंत गाडीमागे धावत आल्या, हातात ती गोळ्यांची डबी. "एकच दे वं माय! झोपी जाई तो!" मी मागे पाहिलं नाही. वाटभर पोर ओरडत होतं. हे त्याला छातीवर घेऊन त्याचे पाय चोळत होते, मी यांचे चोळायचे तसेच, पोटरीपासून खाली, आणि सारखं म्हणत होते, व्हई जाई रे, बरं व्हई जाई.

डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवरच भेटले. यांना पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "घरी पोचलात तरी का? इतक्यात परत?"

"मी नही," हे म्हणाले आणि पोर पुढे केलं. "हाऊ."

हा. डॉक्टरांनी पोराला घेतलं, बाहुल्या पाहिल्या. टपोऱ्या झाल्या होत्या. किती दिवस, केवढी गोळी, सगळं विचारलं. मी सांगत होते आणि वाट पाहत होते, की ते आता काहीतरी वेगळं औषध काढतील, पोरांचं. त्यांनी कपाट उघडलं आणि तोच तराजू बाहेर काढला.

"एकदम बंद केली तर याला झेपणार नाही," ते म्हणाले. आवाजात चिडकेपणा नव्हता. "उतरवतच आणावी लागेल."

त्यांनी तिळाहून बारीक कण तोलला आणि मधात कालवला. वास आला तसे हे उठून बाहेर गेले, मिरच्यांकडे तोंड करून उभे राहिले. पोर डॉक्टरांच्या हातून काही घेईना. तेव्हा त्यांनी तो मध माझ्या बोटाला लावला.

मी बोट पुढे केलं. पोराने ते चोखलं, आणि थोड्या वेळाने रडायचं थांबलं.